चार बोटं कमी

मेन बंद केला. टेस्टर तीनदा लावला,
तिसऱ्यांदा नुसता भीतीपोटी.
स्टुलाचा एक पाय आखूड, खाली पुठ्ठ्याची घडी.
छताच्या डबीतनं तीन वायरी उतरल्या:
लाल, काळी, दोघी ऐसपैस,
आणि हिरवी
नखाएवढी डोकावली
आणि तिथंच अडली.

हत्तुरेच्या दुकानातनं आणलेला दिवा पत्र्याचा.
खोक्यावर लिहिलंय, अर्थिंग जोडणे आवश्यक.
स्क्रू इकडं, वायर तिकडं,
मधे चार बोटं हवा.

कुणी तोडली ते मला ठाऊक आहे.
विडी घरकुलात ही खोली मिळाली तेव्हा
बाप स्वतः चढला होता इथं,
कारखान्यातली पकड घेऊन.
होल्डर तेव्हा काळा, बॅकेलाइटचा,
त्याला हिरवीचं काहीच काम नव्हतं.
"हिच्यातनं काय येत नाय, काय जात नाय,"
म्हणाला, आणि कट्.
तुकडा मला दिला. मी त्याची अंगठी केली,
शाळेत हरवली.

बापाला लोंबकळणारं काही चालत नसे.
उरलेला दोरा, रिकामा पोरगा, सुट्टीची दुपार.
चोवीस मागांच्या खडखडाटात उभं राहून राहून
शेवटी शेवटी आम्ही ओरडलो तरी
तो आमच्या ओठांकडंच बघायचा.

"काय करायलास रे अंजय्या, एवढा वेळ?"
अम्मा खालनं. मांडीवर सूप,
सुपात पानं, तंबाखू, थांबलेली कात्री.
"वायर पुरंना."
"मग गाठ मार की."

गाठ तिची. विड्यांच्या आधी ती मागावर होती.
ताणा तुटला की दोन टोकं चिमटीत धरून
अशी काही फिरवायची
की फणीतनं जाताना फणीला कळू नये.
त्या चादरी कुठं कुठं अंथरल्या असतील.
गाठ कुणाला टोचल्याचं ऐकिवात नाही.

"तांब्याला गाठ चालत नाही, अम्मा.
नुसता पिळा मारून टेप गुंडाळली
तर उन्हाळ्यात टेप सुटते, पिळा सैल पडतो,
आणि कुणाला पत्ता लागत नाही.
लाल तुटली तर दिवा विझतो, काळी तुटली तर विझतो.
ही तुटली तर
दिवा तसाच लागतो."

कात्री बराच वेळ वाजली नाही.
मग म्हणाली, "तसली माणसं असत्यात."
कुणाबद्दल, मी विचारलं नाही.

तेवढ्याच जाडीची हिरवी, वीतभर.
चिनीमातीचा कनेक्टर, दोन स्क्रू.
टोकं सोलली, घातली, आवळली,
ओढून बघितली.
बापासारखी घाई नको म्हणून
परत ओढून बघितली.
सगळं डबीत नीट घडी घालून बसवलं,
दिव्याच्या पत्र्याला दुसरं टोक.

मग अंगणात गेलो.
अर्थिंगचा खड्डा भिंतीकडंला, वर फुटकी फरशी.
आत मीठ, कोळसा, आणि एप्रिल.
बोट घातलं तर भाजलेल्या शेंगांच्या चटणीसारखी
कोरडी, भुरभुरीत माती.
"दोन तांबे पाणी दे."
"नळ परवा यायचाय," ती म्हणाली.
पिंपात वाकून बघितलं,
माझ्याकडं बघितलं,
पुन्हा पिंपात.
एक तांब्या आणला. काठोकाठ नव्हता.
मातीनं आवाज करून पिला.
मग काय वाटलं कुणास ठाऊक,
दुसरा तिनं स्वतः ओतला,
"घे ग बाई," म्हणत,
जमिनीला की वायरीला.

मेन चालू. बटण.
पत्र्याला आधी टेस्टर लावला: अंधार.
मग हाताची पालथी बाजू.

काहीच झालं नाही.
एवढ्यासाठी सकाळपासूनची दुपार गेली.

"लागला की," अम्मा म्हणाली,
मान वर न करता,
आणि उजेडात पान धरून
शीर कुठं आहे ते बघू लागली.